एका लिटरचे एक्कावन्न लिटर

ओटा पुसायच्या तयार स्प्रेच्या बाटलीवर मागच्या बाजूला घटकांची यादी असते. अक्षरं इतकी बारीक की चार ओळींत डोळे दुखू लागतात, पण पहिला शब्द वाचायला कष्ट पडत नाहीत: पाणी. अशा स्प्रेमध्ये बहुतेक वेळा नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. मळ काढणारं रसायन, थोडा सुगंध, थोडा रंग आणि द्रावण नासू नये म्हणून एखादं परिरक्षक, एवढंच काय ते बाकी. हे पाणी बाटलीत भरायला, गाडीतून वाहायला, फळीवर मांडायला जो खर्च येतो तो आपल्याच बिलात असतो. घरात नळ आहे आणि आपण बाहेरून पाणी उचलून आणतोय, हे एकदा डोक्यात बसलं की ती बाटली टोपलीत टाकताना हात अडखळतो.

घरखर्चाची वही मी लिहिते. त्यातला साफसफाईचा रकाना कधी फार मोठा नव्हता, पण कधी रिकामाही राहायचा नाही. फरशीचं वेगळं लिक्विड, ओट्याचं वेगळं, काचेचं वेगळं, भांड्यांचं, हातांचं, कपड्यांचं वेगळं. दर महिन्याला यातलं काहीतरी संपलेलं असायचंच. म्हणून ठरवलं की जे जे पाणी घालून वापरता येतं ते कॉन्सन्ट्रेट घ्यायचं आणि घरातल्याच रिकाम्या बाटल्या पुन्हा भरायच्या.

खरेदीला निघाल्यावर पहिला गोंधळ रिफिलच्या पाउचचा. पाकिटावर ‘रिफिल’ असलं की आत घट्ट अर्कच असणार असं वाटतं. बऱ्याच पाउचमध्ये मात्र बाटलीत असतं तेच तयार लिक्विड असतं. वाचतो तो फक्त पंप आणि टणक प्लास्टिक. पाणी किती घालायचं हे कुठेच लिहिलेलं नसेल तर ते तयार लिक्विड समजायचं. मी मिलीलिटरला काय पडतं ते काढून पाहिलं. काही पाउच खरोखर स्वस्त होते, काहींत फरक नावापुरता होता, आणि एका ठिकाणी तर सवलतीतली मोठी बाटली पाउचपेक्षा स्वस्त पडत होती. शिवाय हे पाउच बहुधा वेगवेगळ्या थरांचे, एकमेकांना चिकटवलेल्या पदार्थांचे असतात. साध्या बाटलीपेक्षा त्यांचा पुनर्वापर अवघड. ‘पर्यावरणासाठी’ असं हिरव्या अक्षरांत छापलेलं असतं ते त्या हिशोबाने वाचावं.

खऱ्या कॉन्सन्ट्रेटवर प्रमाण असतं: १:४, १:१०, १:४०, १:१००. भाव बघताना बाटलीची किंमत विसरायची आणि किंमत भागिले तयार होणारे लिटर एवढाच भागाकार करायचा. समजा एक लिटर कॉन्सन्ट्रेट एक लिटर तयार स्प्रेच्या आठपट महाग आहे आणि त्याचं प्रमाण १:४० आहे. त्याचे एक्केचाळीस लिटर होतात, म्हणजे तयार लिटर जवळजवळ पाचव्या हिश्श्यात पडला. पण किंमत चौपट आणि प्रमाण १:४ असेल, तर एकाचे पाचच लिटर होतात आणि वाचतो फक्त पाचवा हिस्सा. दोन्ही बाटल्यांवर ‘कॉन्सन्ट्रेटेड’ हा शब्द सारख्याच ठळक अक्षरांत छापलेला असतो. पाण्यात टाकायच्या फसफसणाऱ्या गोळ्याही मिळतात. सायट्रिक अॅसिड आणि खायचा सोडा पाण्यात एकत्र आले की वायू सुटतो आणि गोळी फुटून विरघळते. त्यांत मोजामोजीची कटकट नाही, पण भागाकार केल्यावर त्या द्रव कॉन्सन्ट्रेटपेक्षा महाग निघाल्या. ज्यांना मोजायचा कंटाळा आहे त्यांनी त्या घ्याव्यात, तयार बाटलीपेक्षा बऱ्या.

मग आलं मोजमाप, आणि सगळी गंमत इथेच आहे.

१:५० म्हणजे एक भाग कॉन्सन्ट्रेट आणि पन्नास भाग पाणी, मिळून एक्कावन्न. मोठ्या प्रमाणात हा एकाचा फरक कुणाला जाणवणार नाही. १:४ मध्ये मात्र जाणवतो: ५०० मिलीच्या बाटलीत १०० मिली घालायचं असतं, चौथा हिस्सा समजून १२५ मिली घातलं तर दर बाटलीमागे पाव पट जास्त गेलं. १:५० च्या स्प्रेसाठी ५०० मिलीच्या बाटलीत १० मिलीहून किंचित कमी लागतं. म्हणजे चहाचे दोन छोटे चमचे. मी ते बाटलीत सोडलं तेव्हा नवरा शेजारी उभा होता. “एवढंच? अगं, तळ तरी ओला होऊ दे!”

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दहा मिली डोळ्यांनी ओळखता येतच नाही. टोपणाने मोजावं तर प्रत्येक कंपनीचं टोपण वेगळं. आमच्या फरशीच्या बाटलीचं टोपण काठोकाठ भरलं तर २२ मिली, आणि त्याच्या आतली रेघ १५ मिलीवर. वर्षानुवर्षं ती रेघ कुणी पाहिलीच नव्हती. म्हणून औषधाच्या दुकानातून सुई नसलेली १० मिलीची सिरिंज आणि कफ सिरपच्या बाटलीवर असतो तसा छोटा मोजकप आणला. फरशीची बादलीही एकदा मोजून आतून मार्करने चार लिटरची रेघ मारली. लेबलावर १:१०० होतं, म्हणजे चार लिटरला ४० मिली. ती रेघ नसताना बादली कधी तीन लिटर भरायची, कधी सहा, आणि लिक्विड पडायचं ते अंदाजपंचे दाहोदरसे.

बाटली भरताना आधी पाणी, मग कॉन्सन्ट्रेट. उलट केलं की नळाच्या धारेखाली फेस वर येतो आणि अर्धी बाटली भरल्यासारखी दिसते. पाणी कुठलं वापरायचं याचाही विचार करावा लागला. नळाच्या तोटीवर पांढरा थर जमत असेल तर पाणी जड आहे, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त आहेत. कॉन्सन्ट्रेट साबणावर आधारलेलं असेल तर अशा पाण्यात ते गढूळ होतं, कारण साबणाचा काही भाग क्षारांशी जुळून न विरघळणारा साका बनतो. तेवढा साबण वाया. डिटर्जंटवर आधारलेल्या कॉन्सन्ट्रेटला हा त्रास कमी. मी स्प्रेच्या बाटल्यांसाठी उकळून गार केलेलं पाणी वापरते. उकळल्याने काही क्षार खाली बसतात आणि जंतूही मरतात. बादलीसाठी अर्थातच नळाचं.

तयारी अशी जय्यत झाली तरी सुरुवातीला वहीतला आकडा हललाच नाही. उलट भांड्यांच्या लिक्विडचा खप वाढला. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. कॉन्सन्ट्रेटचा डबा सिंकशेजारीच होता, आणि तिथे उभं राहणारा प्रत्येक जण आयुष्यभराच्या सवयीने घासणीवर थेट धार सोडत होता. पातळ केलेली बाटली शेजारी शिळी होत होती. सासूबाईंचा त्या बाटलीवर विश्वासच नव्हता. “पाणचट आहे ते. बोटाला चिकटत नाही, त्याने काय तेल निघणार?”

दाटपणाचा आणि ताकदीचा संबंध नाही हे त्यांना पटवायला वेळ लागला. भांड्यांच्या बऱ्याच लिक्विडमध्ये सोडियम लॉरेथ सल्फेट हा मुख्य घटक असतो, आणि त्याचं द्रावण दाट करायचा कारखान्यातला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे साधं मीठ. ठरावीक प्रमाणापर्यंत मीठ घातलं की ते दाट होत जातं, त्यापुढे घातलं की पुन्हा पातळ होतं. साफ करण्याच्या कामात त्या मिठाची भर काही नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं, “आई, आजची कढई पातळ लिक्विडने घासून बघा, नाही निघाली तर उद्यापासून तुमचं खरं.” कढई निघाली. मग आक्षेप फेसावर आला. फेस कमी म्हणजे स्वच्छता कमी, ही समजूत दाटपणापेक्षाही चिवट आहे. फ्रंट लोड मशीनची डिटर्जंट्स मुद्दाम कमी फेसाची बनवतात आणि कपडे तरीही स्वच्छ निघतात, हे उदाहरण उपयोगी पडलं, कारण ती मशीन त्या स्वतःच चालवतात.

यामागचं शास्त्र मला फार आवडलं, म्हणून थोडं विषयांतर. डिटर्जंट पाण्यात टाकलं की पाण्याचा पृष्ठताण कमी होत जातो, पण ठरावीक प्रमाणापर्यंतच. त्यापुढचे रेणू एकमेकांना धरून बारीक पुंजके करतात, त्यांना मिसेल म्हणतात. सोडियम लॉरिल सल्फेट या लॉरेथच्याच भाऊबंद डिटर्जंटच्या बाबतीत शुद्ध पाण्यात आणि खोलीच्या तापमानाला ही मर्यादा लिटरला साधारण सव्वादोन ते अडीच ग्रॅमवर येते. त्यापुढे कितीही ओतलं तरी पृष्ठताण फारसा उतरत नाही. जास्तीचे पुंजके तेलकटपणा पोटात घेतात, त्यामुळे तेलकट भांड्यांना थोडा हात सैल सोडायला हरकत नाही. धूळ बसलेल्या टेबलाला मात्र त्याचा काही उपयोग नाही. तिथे जास्तीचं लिक्विड नुसतं मागे राहतं. फरशीवर त्याचा चिकट थर होतो, त्यावर धूळ बसते, पावलं उमटतात, आणि फरशी मळकी दिसते म्हणून पुढच्या वेळी आणखी ओतलं जातं. काचेवरचे पांढरे ओघळही बहुधा याच जातीचे. आमच्या आरशावरचे ओघळ प्रमाण निम्म्यावर आणल्यावर गेले.

शेवटी खप उतरला तो एका अगदी साध्या बदलाने: कॉन्सन्ट्रेटचे सगळे डबे वरच्या कप्प्यात, कुलपाच्या कपाटात गेले. हाताशी फक्त पातळ केलेल्या बाटल्या. कुलूप खरं तर मुलीसाठी होतं. घट्ट द्रावण डोळ्यात गेलं तर तयार स्प्रेपेक्षा कितीतरी जास्त इजा करतं, आणि फळांच्या रसासारख्या रंगाच्या बाटल्यांकडे मुलांचा हात जातोच. पैशाचा फायदा त्या कुलपाच्या पाठोपाठ आपसूक आला. धार सोडायला डबाच नाही म्हटल्यावर घासणीवर पडतं ते पातळ लिक्विडच.

हात धुण्याच्या लिक्विडचं काम मात्र भांडणाविना झालं. साध्या पंपातून एका दाबात दीड-दोन मिली दाट लिक्विड बाहेर पडतं आणि त्यातलं बरंच हातावरून घसरून सिंकमध्ये जातं. फेस करणारा पंप वेगळा असतो. तो पातळ द्रावणात हवा मिसळून जाळीतून ढकलतो. त्यात पातळ साबणच लागतो, दाट भरला तर जाळी तुंबते. अशा एका जुन्या पंपात एक भाग हँडवॉश आणि तीन भाग पाणी भरलं. मुलीला तो फेस इतका आवडला की ती विनाकारण हात धुऊ लागली, त्यामुळे बचतीचा थोडा हिस्सा तिकडे गेला. चालायचंच.

कॉन्सन्ट्रेटचा डबा संपत आला तेव्हा तळाशी चिकटलेलं काढायला नवऱ्याने त्यात थोडं पाणी ओतून हलवलं. पातळ व्हायच्या ऐवजी आत घट्ट जेली तयार झाली, डबा उलटा केला तरी हलेना. हेही रसायनाच्या स्वभावातच आहे. सोडियम लॉरेथ सल्फेट कारखान्यांना साधारण सत्तर टक्क्यांच्या लगद्यासारख्या रूपात मिळतं, आणि त्यात थोडंसंच पाणी घातलं की मधल्या प्रमाणात रेणू रांगा धरतात आणि घट्ट जेल होतं. आणखी पाणी मिळालं की ते पुन्हा सुटतं. डबा कोमट पाण्याने पूर्ण भरून रात्रभर ठेवला, सकाळी सगळं विरघळलेलं होतं. म्हणून आता नियमच आहे: भरपूर पाण्यात थोडं कॉन्सन्ट्रेट, कधीही उलट नाही.

पातळ केलेलं द्रावण टिकत नाही, हे मात्र लेबलावर फारसं कुणी ठळक लिहीत नाही. डब्यात घातलेलं परिरक्षक त्या डब्यापुरतं मोजलेलं असतं. आपण पन्नासपट पाणी घातलं की परिरक्षकही पन्नासपट विरळ झालं. सूडोमोनाससारखे जंतू अशा विरळ साबणाच्या पाण्यात मजेत वाढतात. आमची एक बाटली कपाटात मागे राहिली होती, तिला आंबूस वास आला आणि तळाशी बुळबुळीत धागे दिसले. सरळ ओतून टाकली आणि बाटली गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवली. तेव्हापासून दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच बनवायचं, बाटलीवर चिकटपट्टी लावून नाव, प्रमाण आणि तारीख लिहायची, आणि उरलेल्यावर नवं ओतायचं नाही.

नाव लिहिण्यामागे दुसरंही कारण आहे. जंतुनाशक फ्लोअर क्लीनरमध्ये बऱ्याचदा बेंझाल्कोनियम क्लोराईड असतं, त्याच्या रेणूवर धन भार असतो. साबण आणि बहुतेक डिटर्जंट्सवर ऋण भार. एकाची बाटली नीट न धुता दुसऱ्याने भरली तर ते एकमेकांना चिकटून निकामी होतात. फरशीला वास छान येतो, जंतू मात्र जागच्या जागी. त्याहून धोक्याची जोडी म्हणजे ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर. ब्लीच आम्लाशी मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाशी मिसळलं की क्लोरामाइन. म्हणून ब्लीच आणि आम्लाचं टॉयलेट क्लीनर ही दोन मी मूळ बाटल्यांतच ठेवते, दुसऱ्या कशातही भरत नाही. या दोघांत काटकसर करायची नाही असं घरात ठरलं आहे.

जंतुनाशकाच्या बाबतीत ‘थोडं अजून पातळ’ हा मोह टाळावाच लागतो. मळ काढणारं द्रावण जरा विरळ झालं तर दोनदा पुसावं लागतं, एवढंच. जंतुनाशक ठरावीक प्रमाणाखाली गेलं तर त्याचं काम होतच नाही, आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. २०२० साली कोविडच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेने पृष्ठभागांसाठी ०.१ टक्का हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचमधलं मुख्य रसायन, सांगितलं होतं. ५ टक्क्यांच्या ब्लीचपासून ते बनवायचं तर एक भाग ब्लीचला ४९ भाग पाणी, म्हणजे लिटरभर द्रावणात २० मिली. पण ब्लीच उष्णतेने आणि उजेडाने डब्यातही विरत जातं, आणि पातळ केलेलं तर रोज ताजं करावं लागतं. घरात कुणी आजारी असेल तेव्हाच आम्ही ते बनवतो. एरवी साधं धुणं-पुसणं पुरतं.

कपड्यांचं लिक्विड मी पातळ करून ठेवत नाही. त्यात प्रोटिएज, अमायलेज अशी विकरं (एन्झाइम) असतात आणि ती टिकावीत म्हणून बनवणाऱ्याने द्रावणाचा तोल साधलेला असतो. पाणी घालून ठेवलं की तो बिघडतो. तिथे बचत फक्त मोजण्यात आहे. १९८७ मध्ये जपानच्या काओ कंपनीने ‘अटॅक’ ही घट्ट पावडर आणली तेव्हापासून जगभर पावडरी आणि लिक्विडं आकसत गेली, पण आमच्या हातांना ते अजून कळलेलं नाही; मशीनच्या कप्प्यात आपण जुन्याच मापाने ओततो. मी कपड्यांचा भार आणि पाण्याचा जडपणा बघून लेबलावरच्या सर्वांत खालच्या रेघेपासून सुरुवात केली आणि बहुतेक धुण्यांना तीच पुरली. टॉवेलांसाठीचं फॅब्रिक सॉफ्टनर पूर्णच बंद केलं. त्याच्या थराने टॉवेल पाणी कमी शोषतात, म्हणजे तिथे पैसे देऊन आपण टॉवेल बिघडवत होतो.

वहीत आता फरक स्पष्ट दिसतो, पण सगळीकडे सारखा नाही. ओट्याचा स्प्रे, काच आणि फरशी यांचा खर्च अगदीच उतरला. हँडवॉशचाही बराच. भांड्यांच्या लिक्विडचा थोडाच उतरला, कारण तेलकट भांड्यांपुढे कुठलंही प्रमाण ताणता येत नाही. कपड्यांच्या बाबतीत जे वाचलं ते मोजण्यामुळे, कॉन्सन्ट्रेटमुळे त्यात काही खास नाही. टॉयलेट क्लीनर होता तिथेच आहे.

मध्यंतरी नवरा पाच लिटरचा कॅन घ्यायला निघाला होता. मिलीलिटरला तो सर्वांत स्वस्त होता, यात वाद नाही. मी वही उघडली. १:५० च्या एका लिटरचे एक्कावन्न लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या १०२ बाटल्या. आम्हाला महिन्याला एक बाटली लागते. एक लिटरच साडेआठ वर्षं पुरणार. पाच लिटर संपायला साडेबेचाळीस वर्षं. कॅनवर मुदत होती दोन वर्षांची. “तोवर मुलगी संसाराला लागेल,” सासूबाई म्हणाल्या, “तिला देऊ अर्धा.” आम्ही २५० मिलीची बाटली घेतली. मिलीलिटरला ती महागच पडते, पण दोन वर्षांत संपते.